कर्नलमध्येच दाबून बसवलेल्या, फक्त वाचायच्या फायली

खटपट्या:
लिनक्सवर चालणारा एआरएम बोर्ड, रॅम ६४ एमबी. मदतीची पानं, देवनागरी फॉन्ट आणि कॅलिब्रेशनचे तक्ते मिळून ९ एमबी, जीझिप केलं की ३. वेगळं पार्टिशन नको. अपडेटनंतर कर्नल नवा आणि तक्ते जुने, ही भानगड पुरे झाली. म्हणून सगळं इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या वेळी कर्नल रॅममध्ये उलगडतो तो फायलींचा गठ्ठा) कोंबलं. चालतं, पण ९ एमबी रॅम कायमची जाते. शिवाय रूटला (सगळे अधिकार असलेल्या यूजरला) फायली बदलता येतात. दाबलेलंच राहील असं काही नाही का?

सोल्डरवाला:
प्रॉक या फोल्डरमधली कॉन्फिग डॉट जीझेड बघा. कर्नलची कॉन्फिग जीझिप करून असेंब्लरच्या 'इन्कबिन'ने (फाइल जशीच्या तशी बायनरीत घालणारी सूचना) रीड-ओन्ली डेटात चिकटवलेली असते. कर्नल ती स्वतः कधीच उलगडत नाही, जशीच्या तशी हातात देतो. झेडकॅट करून उलगडायचं काम आपलं. तसंच छोटं मॉड्यूल लिहून सिसएफएसमधून (कर्नलमधल्या गोष्टी फायली म्हणून दाखवणारी जागा) फाइल दाखवता येईल.

जुना_बूटलोडर:
एका फाइलसाठी ठीक आहे. शंभर फायलींसाठी मॉड्यूल लिहीत बसलास तर हळूहळू स्वतःची फाइल सिस्टिमच लिहिशील, आणि ती कुणीतरी आधीच लिहून ठेवली आहे. स्क्वॉशएफएस ही दाबलेली, फक्त वाचायची फाइल सिस्टिम २.६.२९ पासून मुख्य कर्नलमध्ये आहे.

तुझी रॅम जाते कारण बूटच्या वेळी सीपीआयओ (इनिटरॅमएफएसचा तो गठ्ठा) उलगडून फायली रॅमएफएस किंवा टीएमपीएफएस या रॅममधल्याच फाइल सिस्टिममध्ये पडतात. रॅमएफएसमधलं पेज (रॅमचा तुकडा) कर्नलला टाकून देता येत नाही, कारण त्याची दुसरी प्रत कुठेच नसते. तेव्हा इनिटरॅमएफएसमध्ये सुट्या फायलींऐवजी एकच स्क्वॉशएफएस इमेज ठेव आणि लूपने (फाइललाच डिस्क मानून) माउंट कर. मग रॅममध्ये कायमचे ३ एमबी. वाचलेला भाग उलगडून पेज कॅशमध्ये (वाचलेल्या फायलींची रॅममधली तात्पुरती प्रत) येतो, आणि चणचण भासली की कर्नल तो बिनदिक्कत फेकतो. इनिटरॅमएफएसचं स्वतःचं कॉम्प्रेशन बंद ठेव. दाबलेलं पुन्हा दाबून फक्त बूट लांबतो.

माउंट झालं की इमेजची फाइल खुशाल आरएम कर, म्हणजे पुसून टाक. लूपने धरलेली असते, त्यामुळे डेटा जात नाही आणि रूटच्या सहज हाती लागत नाही. ब्लॉक मुळात १२८ केबीचा असतो, १ एमबीपर्यंत वाढवता येतो. ६४ एमबीच्या बोर्डवर वाढवू नकोस. चार ओळींसाठी अख्खा ब्लॉक उलगडावा लागतो.

खटपट्या:
फॉन्ट एममॅप करतो, म्हणजे फाइल थेट प्रोग्रॅमच्या मेमरीत जोडतो. चालेल ना?

जुना_बूटलोडर:
चालेल. एममॅपही पेज कॅशमधूनच येतो.

नियमावली:
एक बाजू राहिली. तुमचा बंद परवान्याचा प्रोग्रॅमही त्यातच असेल, तर तो कर्नलच्या बायनरीत मिसळू नका. कर्नलचं डॉक्युमेंटेशनही अशा जीपीएल (कर्नलचा मुक्त परवाना) नसलेल्या कोडसाठी बाहेरून दिलेला सीपीआयओ सुचवतं. यू-बूट हा बूटलोडर वापरत असाल तर त्याच्या फिट इमेजमध्ये कर्नल, डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचं वर्णन) आणि रॅमडिस्क (इथे तो सीपीआयओ) एकत्र बांधता येतात. फाइल एकच, पण आत तुकडे वेगळे.

खटपट्या:
यू-बूटच आहे. मग फिटच करतो. कर्नल परत बिल्ड न करता नुसते तक्ते बदलता येतील.