मदत हवी आहे : ड्रॅगन फ्रूटवरचे रात्रीचे बल्ब आणि प्रकाशसंश्लेषण

मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा. मी सोलापूरचा, मुलगी अकरावी सायन्सला. दिवाळीत सांगोल्याला गेलो तर दाजींनी ड्रॅगन फ्रूटच्या ओळींवर एलईडी बल्ब टांगलेले. दाजी म्हणतात, "हे झाड हवा रात्री घेतं. उजेड दिला की रात्रभर अन्न करतं." पोरगी तिथंच भांडली, पण पुढं तीही अडकली.

आम्हाला कळलंय ते एवढं : हरितद्रव्य प्रकाश शोषतं, पाणी फुटतं, ऑक्सिजन बाहेर पडतो. सुटलेल्या इलेक्ट्रॉनच्या प्रवासात हरितलवकातल्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साचतात, ते परत येताना एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) तयार होतो. शिवाय एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू). या दोघांच्या जोरावर कार्बन डायऑक्साइडची साखर बनते. मग रात्री उजेडच नाही, तर आत घेतलेल्या वायूचं होतं काय? आणि बल्बनं खरंच फरक पडतो का? 'गुगल करा' म्हणू नका, करून झालंय.

निवृत्त मास्तर : रात्री साखर बनतच नाही. तो वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशीतल्या रिक्तिकेत (साठवणीच्या पिशवीत) साठतो. दिवसा पर्णरंध्रं बंद, आम्लातून वायू सुटतो आणि तेव्हा उन्हावर तयार झालेला एटीपी कामी येतो. पाणी वाचवायची युक्ती आहे ही. पानफुटीतही हेच चालतं. तिची पानं सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतात, हे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनी भारतात असताना टिपलं होतं. ते पत्र १८१५ साली छापून आलं. चाखत बसू नका, पान चुरडून पीएच पेपर (आम्लता दाखवणारा कागद) लावा.

बल्ब फुलांसाठी. हे झाड दिवस मोठा असला की कळ्या धरतं, थंडीत रात्र मोठी होते, ती उजेडानं तोडायची. अन्नासाठी म्हणाल तर भर दुपारचं ऊन लाखभर लक्स (उजेडाचं माप), बल्बखाली काहीशे मिळाले तरी खूप.

धागाकर्ता : म्हणजे दाजींचा खर्च बरोबर, कारण चुकीचं! मग ज्वारीचं काय? तिच्यातही आधी आम्लच बनतं म्हणे.

निवृत्त मास्तर : बनतं, पण दिवसाच. ज्वारीत आम्ल एका पेशीत बनतं आणि साखर शिरेभोवतीच्या दुसऱ्या पेशीत. ड्रॅगन फ्रूटमध्ये पेशी तीच, फक्त पाळी रात्रीची आणि दिवसाची.

धागाकर्ता : पटलं. पीएच पेपर कुठं मिळेल?

निवृत्त मास्तर : शाळा-कॉलेजला प्रयोगाचं सामान देणाऱ्या दुकानात. पानफुटीचं पहिलं पान मात्र उजाडायच्या आत तोडा, ऊन वर आलं की आम्ल उतरायला लागतं.