ऑडिटला महिना उरलाय, मोसंबीच्या पॅकहाउसची तयारी कुठून सुरू करावी?

अंबडचा मोसंबीवाला:
राम राम मंडळी. आमची शेतकरी उत्पादक कंपनी अंबड तालुक्यातली, सभासद 42, सगळे मोसंबीवाले. गावातच छोटं पॅकहाउस टाकलंय. आंबे बहाराचा माल ज्यांना द्यायचाय त्यांनी ग्लोबलगॅपचं (सुरक्षित शेतमालाचं आंतरराष्ट्रीय मानक) गट प्रमाणपत्र, म्हणजे सगळ्या सभासदांचं मिळून एक, मागितलंय. आमचं हे पहिलंच ऑडिट. एक सल्लागार म्हणतो, सगळ्या फायली मी भरून देतो, तुम्ही फक्त सह्या घ्या आणि भिंतीवर बोर्ड लावा. पैसे बरेच सांगतोय. द्यावेत का? पाणी बोअरचं आहे, धुण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतो. कामाला गावातल्याच बायका आहेत.

क्वालिटीवाली ताई, लातूर:
दादा, फायलींसाठी एक रुपया देऊ नका. मी पॅकहाउसची गुणवत्ता बघते, ऑडिटरच्या सोबत फिरणं हे माझं कामच आहे. फाईल तो चाळतो आणि मग शेतात चला म्हणतो. गटात सभासदांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी शेतं बघतात, म्हणजे तुमच्या 42 मधली 7, आणि कुठली ते तोच ठरवतो. तिथं औषधांचं कपाट उघडायला लावतो, डब्यावरचं लेबल वाचतो, दुकानाचं बिल मागतो आणि फवारणीच्या वहीशी तारीख जुळवतो. फवारणाऱ्या गड्यालाच विचारतो, पंपाला किती टाकलं? सल्लागारानं भरलेली वही तिथं काय कामाची?

म्हणून आधी तुमच्यातल्याच दोघा-तिघांना तयार करून सगळीच्या सगळी 42 शेतं आतून तपासून घ्या. ती अटच आहे. फक्त ज्याचं शेत त्यानंच तपासायचं नाही. कपाटातल्या प्रत्येक औषधाला मोसंबीवर लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकावर वापरायची मंजुरी, आहे का ते बघा. आपल्याकडं दुकानदार कपाशीचं औषध मोसंबीला सहज देतो. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत लेबलवर लिहिलेले दिवस गेलेत की नाही, हे तोडणीची टोळी पाठवायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

आता पाणी. माझा सगळा जीव इथं अडकलेला असतो. टाकीतलं पाणी घाण झालं की एका फळावरची घाण सगळ्या फळांना लागते, आणि उन्हातून आलेलं तापलेलं फळ गार पाण्यात पडलं की देठाकडून पाणी आत ओढलं जातं. मग वरून कितीही पुसा. म्हणून माल आधी सावलीत निववा. आपल्या बोअरचं पाणी जड, सामू (पीएच, पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) बऱ्याचदा 8 च्या आसपास. सामू 7.5 असला तर क्लोरीनचा जंतू मारणारा भाग जेमतेम निम्मा असतो, 8.5 ला तो दहाव्या हिश्श्यावर येतो. पावडर तेवढीच टाकली तरी काम होत नाही. सामू 6.5 ते 7.5 मध्ये ठेवा. त्यासाठी पाण्यात सायट्रिक आम्ल थोडं-थोडं टाकून मोजत जायचं. कोरड्या पावडरीवर आम्ल कधीही टाकू नका, विषारी वायू निघतो. शिवाय माती, पानं, देठ क्लोरीन खाऊन टाकतात. सकाळी क्लोरीन मोजायच्या पट्टीवर 100 पीपीएम (दहा लाखात 100 भाग) दिसलेली टाकी दुपारी कोरी निघते. तासा-तासाला पट्टी बुडवा, जो आकडा येईल तोच लिहा, कमी आला तर काय केलं तेही लिहा. एका ठिकाणी दिवसभर 100, 100, 100 लिहिलेलं होतं, एकाच पेनानं, एकाच दाबानं. ऑडिटरनं तिथल्या तिथं पट्टी मागितली आणि टाकीत बुडवली.

बायकांबद्दल. काचेच्या बांगडीचा तुकडा पेटीत जाणं हा खरा धोका आहे, पण सवाष्ण बाईला बांगड्या काढा म्हणून वरून हुकूम सोडायचा नाही. आमच्याकडं मनगटाला इलॅस्टिकवाल्या कापडी बाह्या शिवून घेतल्या, बांगड्या आत झाकल्या जातात, बाह्या रोज पॅकहाउसमध्येच धुतात. मंगळसूत्र ॲप्रनच्या आत. आणि संडासाजवळ साबण, पाणी, पुसायला कागद. बोर्डाचे पैसे तिथं घाला.

द्राक्षबाग, तुळजापूर:
ताई बरोबर सांगतायत. आम्ही द्राक्षवाले 2010 विसरलो नाही. लिहोसिन या वाढरोधकाचा अंश सापडला म्हणून युरोपात भारतातला माल अडकला. वाढ रोखायला आपण ते वापरत होतो, आणि तिथली मर्यादा 0.05 पीपीएम. ज्यांचा माल चोख होता तेही भाव पडल्यानं पोळले. क्लोरपायरीफॉसचंही बघा, युरोपनं 2020 मध्ये मंजुरी काढून घेतली, आता मर्यादा 0.01. इथल्या दुकानात मिळतं म्हणजे तिथं चालतं असं नाही. माल कुठल्या देशात किंवा कुठल्या दुकानसाखळीत जाणार, ते खरेदीदाराकडून लेखी घ्या आणि त्यांच्या मर्यादेनं औषधं निवडा.

अंबडचा मोसंबीवाला:
ताई, भाऊ, मनापासून आभार. सल्लागाराला नाही म्हणून कळवलं. आणखी दोन शंका. एखादा मुद्दा नापास झाला तर सगळं गेलं का? आणि माल परत बोलावण्याची चाचणी म्हणजे नेमकं काय करायचं?

क्वालिटीवाली ताई, लातूर:
तपासणीच्या यादीतले मेजर, म्हणजे मोठे मुद्दे शंभर टक्के पास लागतात, मायनर, म्हणजे छोटे, 95 टक्के. पहिल्या ऑडिटला त्रुटी दुरुस्त करायला तीन महिने मिळतात, पुढच्या वर्षांपासून 28 दिवस. तेव्हा घाबरू नका, आणि लपवूही नका.

चाचणीसाठी आधीच गेलेल्या मालातली कुठलीही एक पेटी धरा. तिच्या नंबरावरून कुठल्या शेतकऱ्याचा माल, कुठल्या दिवशी तोडला, कुठल्या टाकीत धुतला इथपर्यंत मागं जा. मग त्याच शेतकऱ्याचा त्या दिवशीचा बाकी माल कुठल्या गाडीत, कुणाकडं गेला ते शोधा. आलेलं वजन, गेलेलं वजन आणि काढून टाकलेला माल जुळला पाहिजे. हे जुळत नसेल तर क्रेटला सभासदाचं नाव-नंबराचं टॅग बांधायला तोडणीच्या जागीच सुरुवात करा. पॅकहाउसच्या दारात बांधलं तर दोघांचे क्रेट एका टेंपोत आले की गोंधळ ठरलेला.

पाण्याचा नमुना या आठवड्यातच पाठवा, अहवाल यायला वेळ लागतो. प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली मागवा, क्लोरीन टाकलेल्या पाण्यासाठी वेगळी बाटली असते ते सांगून. बर्फात ठेवून 24 तासांच्या आत पोचवा. टाकी भरायचा नळ आणि शेवटची फवार-धुलाई, दोन्हीकडचं पाणी द्या. ई. कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू) 100 मिलीत शून्य यायला हवा. नाही आला तर अहवाल इथं टाका, पुढचं बघू.