फ्लक्सला मराठीत काय म्हणायचं, आणि तांबं 'गंजतं' का?

प्रश्न

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. शिकायला आलेल्या पोरांसाठी भिंतीवर मराठीत सूचना लावायची होती. 'सोल्डर करताना फ्लक्स बघून घ्या, नाहीतर बोर्ड गंजेल' एवढं लिहिलं आणि अडलो. सोल्डर नीट धरावं म्हणून जोडाला लावतात त्या फ्लक्सला आपला शब्द कोणता? आणि तांब्याला 'गंज' चालतो का? गंज म्हटला की पोरं तांबडा रंग शोधतात. हिरवं चढलेलं डोळ्यासमोर असलं तरी 'काही नाही काका, चांगलं आहे' म्हणतात.

उद्यमनगरातून

परिभाषेत 'अभिवाह' आहे. इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या 'वाहणे' या क्रियापदावरून आला, आपल्याकडेही 'वाह' घेतला. हिशेब बरोबर आहे, पण दुकानात 'अभिवाह दे रे' म्हटलंत तर पोरगं चहा सांगायला जाईल. आमच्या फाउंड्रीत कुपोलात, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीत, चुनखडी टाकतात, तोही फ्लक्सच. राख-माती धरून तिची मळी करतो आणि वर आणतो. आम्ही तिला चुनखडीच म्हणतो.

गुजरीतून

आम्हा सोनारांकडे टाकणखार. डाख (तुमचं सोल्डर) लावायच्या आधी पाण्यात उगाळून ब्रशनं लावायचा. तापला की काचेसारखा पसरतो आणि जोडाला हवा लागू देत नाही. बोर्डावर मात्र वापरू नका. कोरडा टाकणखार वितळायला ७४० अंशांच्या वर जावं लागतं, तोवर तुमचा बोर्ड जळालेला असेल.

मी

वरच्या दोघांनी तुमच्या प्रश्नाचं नकळत उत्तर दिलंय. कारागिरानं कधी 'फ्लक्स' या जातीला नाव दिलंच नाही. त्यानं पदार्थाला नाव दिलं: चुनखडी, टाकणखार, नवसागर, राळ. सूचनेतही तेच करा. 'फ्लक्स बघून घ्या' वाचून पोराला काहीच कळत नाही. 'राळेचा घ्या, पत्रेकामाची पिवळ्या डबीतली पेस्ट नको' म्हटलं की हात बरोबर डबीकडे जातो.

ती पेस्ट मला महागात पडली आहे. एका पावसाळ्याच्या तोंडावर यूपीएसच्या वायरी जोडल्या. हाताशी पत्रेकामाची पेस्ट होती, तीच लावली. डाख असा झरझर पसरला की स्वतःवर खूश झालो. गणपतीच्या सुमारास यूपीएस परत आला. जोड वरून ठीक दिसत होता. वायरचं प्लास्टिक सोललं तर आत बोटभर लांबीपर्यंत तारा काळ्या-हिरव्या, दोन तर नखानं तुटल्या. पेस्ट वितळून तारांच्या मधून आत शिरली होती, तिथं पुसणार कसं?

अशा पेस्टीत बहुधा जस्ताचं क्लोराइड किंवा नवसागर असतो. हे क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि क्लोराइड तांब्याला खात राहतं. डाखात शिसं असेल तर आणखी एक चक्र लागतं. शिशाचं क्लोराइड होतं, दमट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं त्याचं पांढरं कार्बोनेट होतं, आणि त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल पुन्हा मोकळं होतं. म्हणजे थोडंसं क्लोराइडही पुन्हा पुन्हा कामाला येतं. कोल्हापूरच्या जुलैत त्याला ओल कमी पडत नाही.

राळेचा स्वभाव उलटा. तिच्यातलं आम्ल तापल्यावरच काम करतं, थंड झाली की घट्ट होऊन गप्प बसते. ६३-३७ चा (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) डाख १८३ अंशांना वितळतो, तिथं राळ पुरते. राळेत तिला तेज करणारं जादा रसायन (अ‍ॅक्टिव्हेटर) मिसळलेलं असेल तर मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवा. पाण्यात विरघळणारा फ्लक्स त्याच दिवशी पाण्यानं धुवायचा. 'नो-क्लीन', म्हणजे न धुता ठेवायचा फ्लक्स, असेल तर एकतर पूर्ण धुवा नाहीतर हात लावू नका. अर्धवट पुसलेला सगळ्यात वाईट.

आता 'गंज'. पाठ्यपुस्तकात 'क्षरण' आहे, ते सगळ्या धातूंना चालतं. हिरव्या थराला 'जंगाल' हा जुना शब्द आहे, फारसीतून आलेला, 'जंग'चाच भाऊबंद. पण मला विचाराल तर तुमचा शब्द स्वयंपाकघरात आहे: कळकणे, म्हणजे भांड्याचा धातू उतरून आतलं खाणं बिघडणं. बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ताक राहिलं की आजी म्हणायची, 'कळकलं, ओतून दे.' माझ्या त्या वायरीत तेच झालं होतं.

एक आक्षेप

कळकतं ते ताक, पातेलं नव्हे. तांबं कर्ता कसं होईल?

मी

आक्षेप रास्त आहे, व्याकरणानं तुमचीच बाजू. पण ताकात उतरलेलं तांबं पातेल्यातूनच गेलं ना? आजी ताकाकडून बघत होती, आपण पातेल्याकडून बघतोय. शब्दाची एवढी ओढाताण मला चालते. शिवाय त्यामागून 'कल्हई' फुकट मिळते. कल्हईवाला तापल्या भांड्यावर नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, मग कथील फिरवायचा. तांबं साफ करून त्यावर कथलाचा थर देणं, बोर्डावर दुसरं काय करतो आपण? सोल्डरिंगच्या टोकासाठी 'बिट टिन कर' ऐवजी 'बिटला कल्हई कर' म्हणून बघा. फक्त नवसागर तेवढा भांड्यापुरता ठेवा.

प्रश्नकर्ता

सूचना लावली: 'बोर्डाला राळेचाच फ्लक्स. पिवळ्या डबीतली पेस्ट फक्त पत्र्याला. तांबं कळकतं.' नव्या पोरानं मोठ्यानं वाचली आणि विचारलं, 'काका, कळकतं म्हणजे?' त्याच्या घरी सगळी भांडी स्टीलची. शेवटी सोललेली हिरवी वायर सूचनेखाली खिळ्याला टांगली.