उत्तर: बाटली फेकली, आता दावा कसा करणार?

दादा, सुट्या भांडी-लिक्विडनं झालेल्या त्रासाच्या भरपाईबद्दल तुम्ही लिहिलंय, "बाटली फेकली, विषय संपला." अर्धं खरंय. परभणीत आमच्या वहिनीच्या बोटाला चीर होती. सुट्या भांडी-लिक्विडनं हात मनगटापर्यंत सुजला. पू कल्चरला (जिवाणू ओळखायच्या तपासणीला) पाठवला, स्यूडोमोनास नावाचा जिवाणू निघाला. (अमेरिकेत २०२२ ला 'द लाँड्रेस' या कपडे धुण्याच्या लिक्विडच्या कंपनीनं याच जिवाणूपायी लाखो बाटल्या परत बोलावल्या होत्या.) पण लिक्विडचा कॅन तोवर भंगारात! जिवाणू त्यातलाच, हे दाखवायचं कशानं? नमुना असता तर ग्राहक आयोगानं सील करून लॅबला पाठवला असता. बनवणारा कोण, पत्ता नव्हता. तरी २०१९ च्या ग्राहक कायद्यात, कलम ८६, अशा वेळी विकणारा दुकानदार जबाबदार धरता येतो. तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यातही करता येते, मुदत २ वर्षं. तुमच्याकडं रिकामी दुसरी बाटली, फोनपेची नोंद, काही उरलंय का?