मदत हवी आहे: नेरूळला तिसऱ्या मजल्यावर सहा फुटी फिशटँक, स्लॅबला झेपेल का?

नमस्कार मंडळी,

नेरूळला तिसऱ्या मजल्यावर राहतो. आरसीसी बिल्डिंग, लवकरच तिशी गाठेल. ओळखीतले एक गृहस्थ पुण्याला शिफ्ट होताहेत आणि त्यांची टाकी (६ × २ × २ फूट, १२ एमएम काच) जवळजवळ फुकटात देताहेत. माझे दोन ऑस्कर मासे वीतभराच्या वर गेलेत, चार फुटीत कसेबसे वळतात. त्यामुळे मोह आवरत नाहीये. बायको म्हणते, आधी खालच्या काकूंच्या डोक्याचा विचार कर.

हिशोब असा: २४ घनफूट म्हणजे काठोकाठ ६८० लिटर, पाणीच ६८० किलो. काच सव्वाशेच्या घरात. खडी, लोखंडी स्टँड धरून ९०० च्या आसपास, आणि हे सगळं जेमतेम १२ चौरस फुटांवर. म्हणजे चौरस मीटरला ८०० किलो! आयएस ८७५ मध्ये (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) राहत्या खोल्यांसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो धरतात. पण माझा हॉल १४ चौरस मीटर आहे, त्या हिशोबाने अख्ख्या हॉलला २८०० किलो होतात. मग नक्की कुठला आकडा धरायचा?

सोफ्यासमोर, बेडरूमच्या भिंतीला लावायची इच्छा आहे. ती चार इंची भिंत आहे. तिच्याखाली बीम आहे का ते कळत नाही, कारण काकूंच्या हॉलला पीओपीचं फॉल्स सीलिंग. बाल्कनी मीच बाद केली, ती बाहेर लोंबकळणारी आहे.

प्रतिसाद

दादा, २०० हा आकडा सगळीकडे सारखा पसरलेल्या भाराचा. २८०० किलो हॉलच्या मधोमध रचायची ती परवानगी नव्हे. तसंच एका कोपऱ्यात ८०० आले म्हणून लगेच स्लॅब बसतो असंही नाही. भार बीमजवळ आहे की स्लॅबच्या पोटात, यावर सगळं ठरतं.

काकूंचं सीलिंग कशाला उघडायचं? स्वतःच्या डोक्यावर बघा. टिपिकल, म्हणजे एकसारख्या आराखड्याचे मजले असतील तर तुमच्या छताला जिथे बीम दिसतो, तिथेच तुमच्या लादीखालीही असणार. बाहेरच्या भिंतीखाली बहुधा असतोच, चार इंची पार्टिशनखाली असेलच असं नाही. कॉलमजवळचा कोपरा सगळ्यात बरा. आणि पाहुणे जेवून निघून जातात, टाकी वर्षानुवर्षं तिथेच बसते. कायमच्या भाराने स्लॅब हळूहळू वाकतो.

वयाचं जास्त महत्त्वाचं. छताला गंजाचे डाग, फुगलेलं प्लास्टर, उघडी सळई यातलं काही दिसलं तर विषय तिथेच बंद. ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) सक्तीचं आहे. तुमच्याकडे आधीच झालं असेल तर सेक्रेटरीकडून रिपोर्ट घ्या आणि ड्रॉइंगसकट स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. फोरमवरच्या माझ्या शब्दावर टाकी चढवू नका.

प्रतिसाद

मी ठाण्यात, नौपाड्यात. माझ्या अनुभवात स्लॅबपेक्षा पाण्याने जास्त छळलंय. जुनी टाकी आहे ना? वर नेण्याआधी खाली पार्किंगमध्ये सपाट जागी, स्टँडवरच, भरून दोन-तीन दिवस ठेवा. काचांच्या सांध्यांचं सिलिकॉन कुठे सुटलंय ते तिथेच कळेल. चार पायांचा स्टँड नको, खालून पूर्ण फ्रेम असलेला घ्या, नाहीतर पायाखालची पोकळ लादी तडकते. टाकीखाली थर्माकोल, आणि लेव्हल बाटलीने तपासा.

वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे थेंब सॉकेटमध्ये न जाता खाली गळतील. ३० मिलीअँपचा ईएलसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) हवाच. कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा फिल्टर) लावणार असाल तर परतीच्या पाइपला पाण्याच्या पातळीलगत बारीक भोक पाडा, म्हणजे त्या बाजूने टाकी उलटी रिकामी होणार नाही. आणि सहा फुटी काच लिफ्टमध्ये मावेल का? जिना मोजून घ्या.

धागाकर्ता

धन्यवाद! छत बघितलं. बेडरूमच्या भिंतीवर बीम नाही, खिडकीच्या भिंतीवर आहे, कोपऱ्यात कॉलमही. डाग नाहीत. इंजिनिअर रविवारी येताहेत. पण खिडकी पश्चिमेची, दुपारनंतर थेट ऊन येतं. जाड पडद्याने शेवाळ आटोक्यात राहतं का? कुणी असं ठेवलंय का?