मे महिन्यातला उत्सव, उघडं मैदान: तंबूची सर्कस की सुटे कलाकार?

उत्सव समिती, जुळे सोलापूर:
मेच्या दुसऱ्या आठवड्यात तीन संध्याकाळी कार्यक्रम आहे. मैदान १०० बाय १५० फूट, खाली काळी माती, वर मुरूम. एका कोपऱ्यात मुरूम उडालाय आणि भेगा पडल्यात. पश्चिम बाजू मोकळी. रोज ७०० ते ८०० माणसं येतील, त्यात निम्मी लेकरं. समितीत दोन तट पडलेत. काहींना सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत असते तशी तंबूची सर्कस हवी, काहींना सुटे कलाकार. एका एजंटाने यादी पाठवलीय: कापडावरची हवाई कसरत, आगीचे खेळ, एकचाकी सायकल, रोला-बोला (लोळत्या नळकांड्यावरच्या फळीवर तोल सांभाळणं), काठ्यांवर चालणारे, जगलर, जोकर. व्हिडिओ सगळ्यांचेच झकास आहेत, मग निवड करायची कशावर? शिवाय मांडववाला म्हणतो, हवाई कसरतीचं कापड आमच्या लाइटच्या ट्रसलाच (लाइट टांगायच्या धातूच्या सांगाड्याला) बांधू, वेगळा खर्च नको. चालेल का?

दोरखंड:
शेवटचा प्रश्न आधी. नाही चालणार. ती ट्रस लाइट-स्पीकरचं स्थिर वजन पेलायला उभी केलेली असते. कसरतपटू ६० किलोचा असला तरी वरून गुंडाळी सोडत खाली आला की झटका वजनाच्या पाचपटीपर्यंत जातो, म्हणजे ३०० किलो. तोही तिरका आणि दर दोन मिनिटांनी. टांगण्याच्या जागेला माणसासाठी दहापट सुरक्षितता धरतात. मांडववाल्याला विचारा, या बिंदूवर किती किलो चालतील ते लिहून देता का? उत्तर तिथेच मिळेल.

स्वतःची तिपाई किंवा चौपाई, म्हणजे कापड टांगायचा तीन किंवा चार पायांचा उंच सांगाडा, आणणारा कलाकारच घ्या. तिपाई म्हटलं की १८ ते २० फूट उंची आणि पायाला तेवढीच मोकळी चौकट लागते. ताण-दोऱ्यांच्या खुंट्यांसाठी आणखी जागा, खाली जाड गादी आणि प्रेक्षक किमान १५ फूट लांब. तुमच्याकडे खरी गोम मातीची आहे. काळी माती मेमध्ये दगडासारखी लागते, पण भेगेजवळ ठोकलेली खुंटी वरून घट्ट वाटते आणि ओढली की ढेकळासकट येते. वळवाची एक सर पडली की तीच माती लोण्यासारखी होते. मीटरभर लांबीची लोखंडी पहार दोरीच्या उलट बाजूला कलती ठोका. मुरूम शाबूत आहे त्याच भागात हे काम करा. पाण्याची पिंपं वापरायची असतील तर २०० लिटरचं पिंप २०० किलो भरतं खरं, पण आडवं ओढलं की साधारण निम्म्या ताकदीलाच घसरायला लागतं. लोक पिंपं मोजतात, घसरण मोजत नाहीत.

वाऱ्याचंही असंच आहे. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. मे महिन्यात संध्याकाळी ढग भरून आले की पावसाआधी धुळीचा लोट येतो. हातात धरायचं वारामापक यंत्र घ्या. झोत ताशी २५ किलोमीटरच्या वर गेला की हवेतलं काम बंद. कलाकाराची स्वतःची मर्यादा त्याहून कमी असेल तर ती पाळा. वीज चमकली तर लोखंडाच्या तिपाईजवळ कुणी थांबायचं नाही. खेळ थांबवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे द्या, आणि तो माणूस अध्यक्ष नको. समोर पाहुणे बसलेले असले की अध्यक्षांच्या तोंडून "थांबवा" निघत नाही.

तंबूचा विषय तर फूटपट्टीवरच मिटतो. रिंगणाचा रूढ व्यास ४२ फूट. दोन्हीकडे बैठकीला २५-२५ धरले की ९२ झाले. त्यापुढे ताण-दोऱ्यांना दोन्ही बाजूंना १५-१५ लागतात. १२२ फूट हवेत, तुमची रुंदी १००. कलाकारांच्या राहुट्या, ट्रक, जनरेटर अजून मोजलेच नाहीत. गड्ड्याची यात्रा भरते त्या होम मैदानाची गोष्ट वेगळी आहे.

रिंगणाबाहेर:
वरच्याशी सहमत. पण यादीतलं हवाई काम सोडून बाकीचं बिनधास्त घ्या असंही नाही. खेळ निवडण्याआधी त्याला जमीन काय लागते ते विचारा, भाव नंतर.

एकचाकी आणि रोला-बोलाला मुरूम चालत नाही. १६ बाय १६ फुटांची, १८ मिलिमीटर प्लायची सपाट फळी हवी, सांध्यांना पट्टी मारलेली, पाणसळ लावून बघितलेली. जगलर घ्याल तर चेंडू आणि क्लबवाला (बाटलीच्या आकाराचे दांडके उडवणारा) घ्या. रिंगा वाऱ्यावर जातात, रेशमी रुमाल तर विसराच. त्याच्या डोळ्यांवर समोरून उंचावरून फ्लडलाइट टाकू नका. वर बघताना चेंडू दिसत नाही आणि दोष त्याच्या माथी येतो. लाइट दोन्ही बाजूंनी द्या.

काठ्यांवरचे कलाकार भेगांच्या कोपऱ्यात सोडू नका. काठीचं टोक भेगेत अडकलं की मनगट किंवा घोटा गेलाच. त्यांना डांबरी रस्त्यावर, गेटपासून मैदानापर्यंत फिरवा. डोक्यासकट उंची नऊ-दहा फूट होते, म्हणून वायर आणि तोरणं १३ फुटांच्या वर. प्रत्येकासोबत एक साथीदार पायी हवा, कारण लेकरं काठी धरतात. २० मिनिटांची फेरी, मग विश्रांती. काठ्या बांधायला चार फूट उंच बैठक लागते, ही गोष्ट ऐनवेळी कुणाला आठवत नाही. मग पाण्याच्या टँकरच्या बोनेटवर कलाकार बसलेला दिसतो.

आगीचे खेळ मांडवाच्या कापडाजवळ, पश्चिमेच्या वाऱ्यात नकोतच. फेकलेली ठिणगी कुठं जाईल ते कलाकारालाही ठाऊक नसतं. एलईडीचे गोळे फिरवणारे घ्या, अंधारात लेकरांना तेवढंच आवडतं.

जोकर मात्र न बोलणारा घ्या, ही माझी ठाम सूचना. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी सगळे एकाच जाजमावर बसतात. शाब्दिक विनोदाला निम्मेच हसतात, पडण्याला सगळे. आणि दोन खेळांमध्ये सामान बदलताना तोच मैदान सांभाळतो, म्हणून यादीत सगळ्यात आधी त्याचं नाव पक्कं करा.

वेळ: काठ्यावाले साडेसहाला, मुख्य खेळ पावणेआठ ते पावणेनऊ, प्रत्येक खेळ पाच ते सात मिनिटं. लोखंडी झुले आणि कापडं दुपारी उन्हात टांगून ठेवू नका, लोखंड हात पोळतं. ताडपत्रीखाली ठेवा. कलाकारामागे पाच लिटर पाणी आणि कपडे बदलायच्या खोलीत कूलर. मंच साडेतीन फूट उंच करा. रिंगण जमिनीवर केलं तर चौथ्या रांगेमागच्यांना फक्त पुढच्यांची डोकी दिसतात.

परवाना खिडकी:
पोलीस आयुक्तालयाची परवानगी, महापालिका अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला आणि ध्वनिक्षेपकाचा परवाना वेगवेगळे असतात. लवकर अर्ज करा. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, हे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे.

करारासोबत प्रत्येक कलाकाराचा वयाचा पुरावा घ्या. सर्कशीत मुलांना कामाला लावू नये असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १८ एप्रिल २०११ चा आहे. बालकामगार कायद्यात २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकलाकारांना सवलत मिळाली, पण त्यातून सर्कस वगळली आहे. एजंट "छोटी मुलगी दोरीवर चालते, पब्लिक खूश" म्हणाला की फोन ठेवा. प्राण्यांचंही विचारतीलच. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या खेळांवर १९९८ पासून बंदी आहे, बैल २०११ मध्ये त्यात आला. बाकी प्राण्यांना नोंदणी लागते. आपल्याकडचे पोपट पाळणंसुद्धा वन्यजीव कायद्यात बसत नाही.

वीज: लाइट अडीच किलोवॉट, साउंड तीन, सहा कूलर दीड. एकूण सात. पॉवर फॅक्टर ०.८ धरून भागलं की पावणेनऊ केव्हीए (जनरेटरची क्षमता याच एककात सांगतात). साउंडचा झटका धरून १५ केव्हीएचा जनरेटर सांगा, आणि तो वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे तुमच्याकडे पूर्वेला, प्रेक्षकांपासून लांब ठेवा.

उत्सव समिती, जुळे सोलापूर:
तंबू रद्द, ट्रसही रद्द. मग हवाई कसरतीच्या जागी मल्लखांब चालेल का? आणि पाऊस आला तर पैशाचं काय ठरवायचं?

दोरखंड:
चालतंय की! पुरलेला खांब काळ्या मातीत ऐनवेळी ठोकू नका, पायासकट येणारा खांब मागवा. पाया सपाट बसला पाहिजे आणि चहूकडे गाद्या. खांबाला एरंडेल लावतात, त्यावर धूळ बसली की पकड बिघडते, म्हणून मैदानावर दुपारी चारला पाणी शिंपडा आणि खांब झाकून ठेवा. दोरीचा मल्लखांब मागू नका. दोरीला वरून टांगायची जागा लागते, आणि आपण परत ट्रसपाशीच येतो.

पावसाचं करारात दोन ओळींत लिहा. कलाकार आला, सामान मांडलं आणि नंतर पाऊस आला तर ठरलेली रक्कम पूर्ण. आदल्या दिवशी दुपारपर्यंत तुम्ही रद्द केलं तर प्रवासखर्च आणि ॲडव्हान्स त्यांचा. अर्धा तास थांबून बघायचं, फळी पुसायला चार कोरडी पोती ठेवायची. ओल्या प्लायवर एकचाकी काढायची नाही, जोकर आणि चेंडूवाला मात्र निघू शकतात.