घर सोडलं म्हणजे परित्याग नव्हे
'दोन वर्षं वेगळं राहिलं की परित्याग (जोडीदाराला सोडून जाणं, हे घटस्फोटाचं एक कारण) सिद्ध होतो' हे म्हणणं अर्धंच बरोबर आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ प्रमाणे घटस्फोटाच्या अर्जाच्या लगेच आधीची सलग दोन वर्षं लागतातच, पण सोबत कायमचं सोडून जाण्याचा इरादाही लागतो, तोही सबळ कारणाशिवाय आणि जोडीदाराच्या संमतीविना. नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहणं यात बसत नाही.

आणखी एक मुद्दा म्हणजे, छळ करून बायकोला घर सोडायला लावलं तर कायद्याच्या नजरेत परित्याग करणारा नवराच ठरतो, उंबरठा तिने ओलांडलेला असला तरी! माहेरी आलेल्या कितीतरी जणी 'मीच निघून आले' या अपराधी भावनेने गप्प बसतात, याचं फार वाईट वाटतं. तुम्ही परत यायची तयारी दाखवलेली पत्रं, मेसेज मात्र पुरावा म्हणून जपून ठेवा.